दहा दिवसांचे शिबिर की आठ आठवड्यांचा वर्ग?

नोकरी-संसार सांभाळून बुद्धमार्गाचा अभ्यास करू पाहणाऱ्या अमेरिकी माणसासमोर एकट्या मॅसॅच्युसेट्समध्येच दोन भिन्न वाटा आहेत. शेलबर्नच्या ‘धम्म धरा’ या, सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील १९८२ पासूनच्या विपश्यना केंद्रात (शिस्त महाराष्ट्रातील इगतपुरीच्या मुख्य केंद्राचीच) दहा दिवसांचे शिबिर, दहाव्या सकाळपर्यंत मौन, पहाटे चारला उठणे, रोज सुमारे दहा तास ध्यान आणि आरंभीच पंचशील घेणे बंधनकारक असते. शुल्क मात्र नसते, खर्च जुन्या साधकांच्या दानातून भागतो. जॉन कबात-झिन यांनी वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये सुरू केलेला सजगतेचा (माइंडफुलनेस) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आठवड्यातून एक वर्ग, एकदा दिवसभराचे सत्र आणि घरी रोज सुमारे पाऊण तास सराव एवढेच मागतो.

सलग रजा न मिळणाऱ्यांना दुसरा पर्याय साहजिकच सोयीचा वाटतो, आणि ताण किंवा जुनाट दुखणे हेच कारण असेल तर तो पुरेसाही ठरू शकतो. तथापि तो मुळात रुग्णांसाठी आखलेला असल्याने त्यात शीलाचा आग्रह नाही. त्यामुळे चित्त स्थिरावले तरी मद्यपान, वाणी, उपजीविका यांविषयीचे प्रश्न उभे राहतीलच असे नाही, आणि धम्माचरणाचा कस माझ्या मते तेथेच लागतो. अर्थात शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याची अपेक्षा लहान मुलांच्या घरात पाळणे सोपे नाही.