एक्सझेड : टूल एक नंबर, पण सांभाळणारा एकटा

सर्व्हरचे जुने लॉग (नोंदींच्या फाइली) कॉम्प्रेस करायला मी वर्षानुवर्षं एक्सझेड हे फाइल लहान करणारं टूलच वापरतोय, जीझिप या तशाच टूलपेक्षा वेळ जास्त खातं पण फाइल बरीच लहान होते, कामाला पाचपैकी पाच. पण मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, सापडलं तेव्हा पोटात गोळाच आला हो! एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका डेव्हलपरने खोदत खोदत शोधलं, नाहीतर कळलंही नसतं. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेलं हे टूल एक माणूस फावल्या वेळात, फुकट बघत होता, मानसिक त्रासामुळे फारसं लक्ष देता येत नाही असं त्याने लिहिलंही होतं, तरी लोक नवीन व्हर्जन कधी म्हणून मागे लागलेले, आणि मदतीला आलेल्यानेच दोनेक वर्षं विश्वास कमावून घात केला. खूप वाईट वाटतं. ती दोन व्हर्जन कुठे राहिली असतील तर आजच ५.६.२ किंवा पुढचं टाका.