मुलांच्या एक्स-रेचा बनावट कोर्स: डीएनबीच्या विद्यार्थ्यांनी सावध राहावे

बालरोगशास्त्राच्या डीएनबी या पदव्युत्तर वैद्यकीय पदवीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना गाठून सध्या एक कोर्स विकला जात आहे आणि त्यात माझे बारा हजार रुपये गेले आहेत. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण त्या साहित्यातून मुलांचे एक्स-रे चुकीचे वाचायची सवय लागते, याची चिंता मला अधिक वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टेलिग्रामवरील जाहिरातीत तीन गोष्टींचे आश्वासन होते: मागील परीक्षांमध्ये प्रत्यक्ष आलेल्या एक्स-रे फिल्म, प्रत्येक फिल्मचे परीक्षकांनी तपासलेले उत्तर आणि दर रविवारी थेट सराववर्ग. सोबत काही ज्येष्ठ प्राध्यापकांची छायाचित्रेही लावलेली होती. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर मागितले गेले. पावती मागितल्यावर ‘बॅच सुरू झाल्यावर मिळेल’ असे उत्तर आले. पैसे पोहोचताच एका फोल्डरची लिंक मिळाली, त्यात मोबाइलवरून काढल्यासारखी चित्रे आणि प्रत्येकाखाली एका ओळीचे निदान एवढेच होते. सराववर्ग एकही झाला नाही. विचारणा करणाऱ्यांना गटातून काढून टाकण्यात आले आणि पुढे लिंकही बंद झाली. ज्यांची छायाचित्रे वापरली होती त्यांच्यापैकी एका सरांना मी फोन केला, तेव्हा या कोर्सचे नावही त्यांच्या कानावर आलेले नव्हते.

लिंक बंद होण्यापूर्वी उतरवून घेतलेली चित्रे मी आमच्या रुग्णालयातील रेडिओलॉजीच्या सरांना दाखवली. पहिल्याच चित्राखाली ‘उजव्या वरच्या भागाचा न्यूमोनिया’ असे लिहिले होते. सरांनी क्षणभर पाहिले आणि विचारले, “अगं, बाळाचं वय कुठं लिहिलंय? हा तर थायमस दिसतोय.” थायमस ही छातीतील एक ग्रंथी. छातीच्या उजव्या बाजूला शिडाच्या आकाराची ती सावली होती, तिची कड बरगड्यांच्या दाबाने किंचित लहरी झाली होती आणि तिच्याआडून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत होत्या. तान्ह्या बाळात ही सावली पूर्णपणे स्वाभाविक असते. हेच उत्तर पाठ करून कोणी वॉर्डात गेले, तर निरोगी बाळाला विनाकारण अँटिबायोटिक सुरू होईल.

फोल्डरमधील एकाही चित्रावर वय नव्हते, आणि माझ्या मते फसवणूक ओळखण्याची हीच सर्वांत पक्की खूण आहे. मोठ्या माणसाच्या छातीच्या फिल्ममध्ये हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्यापेक्षा अधिक असली की आपण हृदय वाढल्याचे म्हणतो; नवजात बाळात मात्र हे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत स्वाभाविक असू शकते. हाडांचे वय ठरवण्यासाठी डाव्या हाताची जी फिल्म घेतात, तिची तुलना मुलगा आणि मुलगी यांच्या वेगवेगळ्या मानकांशी करावी लागते, आणि या फोल्डरमध्ये तेही लिहिलेले नव्हते.

कोपराचे उदाहरण तर अधिक गंभीर आहे. कोपराची अस्थिकेंद्रे, म्हणजे कूर्चेचे हाड होऊ लागते ती ठिकाणे, वाढत्या वयात ठरावीक क्रमाने दिसू लागतात: कॅपिटेलम, रेडियसचे डोके, आतल्या बाजूचा एपिकॉन्डाइल (कोपराच्या बाजूचा हाडाचा उंचवटा), ट्रॉक्लिया, ओलेक्रॅनन आणि शेवटी बाहेरच्या बाजूचा एपिकॉन्डाइल, साधारणपणे १, ३, ५, ७, ९ आणि ११ वर्षे ही वये आपण लक्षात ठेवतो. वयांत थोडा फरक पडतो, परंतु आतल्या एपिकॉन्डाइलचे केंद्र ट्रॉक्लियाच्या आधी दिसते हे धरून चालायचे असते. म्हणून ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा ठिपका आहे आणि आतला एपिकॉन्डाइल मात्र त्याच्या जागी नाही, असे दिसले की तो तुटून सांध्यात अडकला असावा, अशी शंका घ्यायलाच हवी. नेमक्या अशा फिल्मवर पिवळा बाण काढून ‘ट्रॉक्लिया, नॉर्मल’ असे छापलेले होते. अशा मुलाला प्लास्टर घालून घरी पाठवले तर त्याचा हात कायमचा अधू होऊ शकतो.

आणखी एका चित्राखाली ‘मुडदूस’ असे होते. मुडदुसात वाढीच्या टोकाशी हाड रुंद, वाटीसारखे खोलगट आणि कडेने विसविशीत दिसते. इथे टोक नीट होते आणि कोपऱ्याशी बारीक तुकडा निघालेला होता. तान्ह्या बाळात अशी जखम दिसली की मारहाणीची शक्यता मनात आणावी लागते आणि ‘मुडदूस’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होणे मला भयंकर वाटते.

यांतील काही चित्रे रेडिओपीडिया या रेडिओलॉजीच्या संकेतस्थळावर जशीच्या तशी सापडली. तिथे ती वय, लिंग आणि चर्चेसह विनामूल्य पाहता येतात, आणि त्या साहित्याच्या परवान्यात अशा विक्रीला मुभा नाही. या मंडळींनी कडा कापल्या, माहिती काढून टाकली आणि निदाने मनानेच लिहिली.

कोणताही कोर्स घेण्यापूर्वी नमुन्यादाखल दोन-चार केस मागाव्यात आणि त्यांत वय, तक्रार आणि निदान कशावरून निश्चित झाले याची नोंद आहे का, ते पाहावे. नॉर्मल फिल्म किती आहेत, हेही आवर्जून विचारावे, कारण मुलांच्या बाबतीत नॉर्मल ओळखणे हाच अर्धा अभ्यास असतो. ज्यांची नावे जाहिरातीत आहेत त्यांच्याशी थेट बोलावे. ‘परीक्षेत आलेल्या फिल्म’ असा दावा असेल तर तिथून दूरच राहावे.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली असून बँकेलाही लेखी कळवले आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. ज्यांचे पैसे अलीकडेच गेले असतील त्यांनी आधी १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी खाते गोठवले गेले तरच ती परत मिळण्याची आशा असते. व्यवहार क्रमांक, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि गटातील संभाषण जपून ठेवावे. तोच कोर्स आता दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आला आहे आणि त्याच्या जाहिरातीवर पिवळा बाण काढलेली कोपराची तीच फिल्म आहे.