आजोळी की घरातच?

२०२१च्या लाटेत कोविड वॉर्डात पाळ्या करणाऱ्या कोल्हापूरच्या नर्सबाईंपुढे दोनच वाटा होत्या: पोराला गडहिंग्लजकडं आजोळी धाडायचं, नाहीतर जवळ ठेवायचं.

आजोळी जेवणखाण वेळेवर. पण ऑनलाइन शाळेला रेंज नाही, आणि आई म्हणजे रात्रपाळीआधीचा व्हिडिओ कॉल. तीन वर्षांचं पोर रुसून फोनकडं बघतसुद्धा नाही! शिवाय लक्षणं दिसायला १४ दिवसही लागू शकतात. म्हणजे पाळ्या सुरू होण्याआधीच धाडलेलं बरं.

घरी पोर डोळ्यांसमोर. मात्र कपडे दारातच साबणाच्या पाण्यात, आंघोळ, मगच "ये बाळा". रात्रपाळीनंतरची झोप? विसरा.

नवरा दिवसा घरी असेल तर मी जवळच ठेवीन. दोघंही ड्युटीवर असतील तर आजोळ, तेही आजी-आजोबांची लस झाली असेल तरच.