मामांच्या बेसला एकदाच्या मानवलेल्या तारा

मामांचा जपानी बेस, म्हणजे खर्जाची गिटार, सत्तरच्या दशकातला. सांगलीच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजला, मग माळ्यावर गेला. वरची नावाची पट्टी कधीच गळून पडलीय, त्यामुळे कंपनी कुठली ते मामा दर वेळी वेगळंच सांगतात.

खाली काढला तेव्हा तारा गंजून लाल. एका दुकानात गेलो. "बेसच्या ना? सगळ्या सारख्याच असतात, घ्या की," म्हणत त्याने राउंडवाउंडचा, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या खरखरीत तारांचा सेट हातात ठेवला. तो 34 इंची बेसचा निघाला आणि आमचा पडला 30 इंची. ई, म्हणजे सगळ्यात खर्जातल्या तारेचा जाड भागच खुंटीवर वळला, तिथे वेष्टण उसवलं, तार ठार मुकी. तुम्ही घ्यायच्या आधी नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरचा धातूचा पडदा) मोजा आणि दुप्पट करा, तो तुमचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी.

मुकी तर मुकी, वर्षभर तशीच वाजवली. मग बेस मिरजेला एका सतारमेकरांकडे नेला. चाचांनी पहिल्या तीन फ्रेटवरून नख फिरवलं. प्रत्येक तारेखाली नख अडकत होतं. "पडदे खाल्लेत या तारेनं. कानस आहे ही." फ्रेट घासून सारखे केले आणि वर सुनावलं, "तंबोऱ्याला जवारी, ती झणझण, लागते, याला नको. गुळगुळीत तार आणा."

म्हणून डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स तारा मागवल्या. फ्लॅटवाउंड, म्हणजे वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या, शॉर्ट स्केल, जाडी इंचाच्या हजाराव्या भागात 45 ते 100. चारएक हजार गेले. कापण्याआधी तार खुंटीपाशी काटकोनात वाकवायची, मगच पक्कड लावायची. नाहीतर वरची चपटी पट्टी आतल्या तारेवरून सुटते.

पहिले पंधरा दिवस आवाज जरा खणखणीत होता, मग बसला. आता खर्ज असा लागतो की ढोलकीच्या थापेखाली नेमका जाऊन बसतो. बोट सरकवताना चरचर नाही. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, मजा येणार नाही. आणखी एक. तीच तार त्याच स्वरात 30 इंचांवर 34 इंचांपेक्षा साधारण 22 टक्के कमी ताणली जाते. जुन्या मानेला ते बरंच, पण माझा हात जड, त्यामुळे ई कधीकधी फ्रेटवर आपटते. पुढच्या वेळी थोडा जाड सेट घेईन.

पुढची वेळ कधी येईल देव जाणे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, हे मामांना सांगितलं. मामा खूश. "मग माझं काय चुकलं? मी वीस वर्षांत दोनदाच बदलल्या. त्यातली एकदा उंदरानं कुरतडली म्हणून."

उंदीर स्टीलची तार कशी कुरतडेल, हे विचारायची सोय नाही.