चौघीजणी की त्या दोघी?

दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी भाचीचा फोन. "मावशी, वाचायला काहीतरी दे की. बहिणीबहिणींचं, आणि घरात काहीतरी लपवून ठेवलंय असलं. जाड असलं तरी चालतंय, मी वाचतो." (मुलगीच आहे. आमच्या बेळगावात मुलीही 'मी वाचतो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

माझ्याकडे दोन पुस्तकं होती. एक शान्ता शेळके यांची 'चौघीजणी', म्हणजे लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद. दुसरं एलिझाबेथ असेव्हेडोचं २०२० सालचं 'क्लॅप व्हेन यू लँड', इंग्रजीत. तुमच्या घरीही अशी कोणी पंधरा-सोळाची असेल, तर माझा घोळ तुमच्या कामी येईल.

गुपितच हवं असेल तर 'चौघीजणी' त्यासाठी नाही. मूळ पुस्तक १८६८-६९ मधलं, दोन भागांत आलेलं. वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धावर गेलेले, त्यांचं पत्र आलं की आई ते चौघी बहिणींना मोठ्यानं वाचून दाखवते. इतकं उघडं घर. पण बहिणींचं भांडण वाचावं तर इथंच. नाटकाला नेलं नाही म्हणून धाकटी एमी ज्योच्या कथांची वही जाळून टाकते. वर्षानुवर्षांची मेहनत, दुसरी प्रत नाही. ज्यो रागात, म्हणून नदीवरचं बर्फ मध्ये पातळ आहे हे माहीत असून एमीला सांगत नाही, आणि एमी बर्फ फुटून पाण्यात पडते. ती वाचते. पण त्या रात्री ज्यो आईजवळ रडते, तेव्हा ती शांत, सोशिक आई सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं मी तो आवरतेय. या घरातलं खरं गुपित म्हणायचं तर हेच. मी ते पहिल्यांदा पंधराव्या वर्षी वाचलं आणि नंतर कितीतरी दिवस आईकडे चोरून बघत होते.

असेव्हेडोच्या कादंबरीत वडील हेच गुपित. कामिनो डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, दर उन्हाळ्यात येणाऱ्या वडिलांना घ्यायला विमानतळावर उभी. यहाईरा न्यूयॉर्कमध्ये, बुद्धिबळ सोडून दिलेली, वडिलांबद्दल काहीतरी आधीच कळून गप्प बसलेली. वडिलांचं विमान कोसळतं आणि दोघींना कळतं की आपल्याला बहीण आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघालेलं विमान पडून २६५ माणसं गेली, त्या अपघातावरून लेखिकेला ही गोष्ट सुचली.

कामिनोला व्हिसाशिवाय बहिणीकडे अमेरिकेला जाता येत नाही. आपल्याकडं निदान व्हिसा लागत नाही, पण सीमाप्रश्न तापला की एसटी सीमेवरच थांबतात आणि गडहिंग्लजची बहीण गडहिंग्लजलाच राहते. त्या पानांवर भाची अडकणार, हे मला माहीत होतं.

आता भाषेचं. इंग्रजी शाळेतली मुलगी, मराठी तिसरी भाषा, देवनागरी सावकाश वाचते. 'क्लॅप व्हेन यू लँड' कवितेसारख्या छोट्या ओळींत आहे, पानं भराभर उलटतात. मध्येच स्पॅनिश शब्द येतात, अर्थ न देता. मला ते खटकले. घरात मराठी, दुकानात कन्नड बोलणाऱ्या या पोरीनं 'टिया' म्हणजे काय, हे विचारलंसुद्धा नाही. "मावशी असणार की," म्हणाली. अगदी बरोबर!

'चौघीजणी'ला वेळ लागतो, पण शान्ताबाईंची मराठी मोठ्यानं वाचायची आहे. बहिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही वाचायला बसलो की आई शेंगा सोलत ऐकायची. इंग्रजी पुस्तकाला ती गंमत येत नाही. शिवाय 'चौघीजणी' वाचनालयात मिळते, थंडीत बेळगावजवळच्या कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनात पुस्तकांचा स्टॉल असला तर तिथंही बघा. दुसरं मला ऑनलाइन मागवावं लागलं.

देण्याआधी एक: असेव्हेडोच्या पुस्तकात कामिनोच्या मागे लागलेला एक वाईट माणूस आहे, आगगाडीतला छळ आहे, यहाईराचं एका मुलीवर प्रेम आहे. बारा वर्षांच्या मुलीला मी थांबवीन. सोळाच्या मुलीपासून हे लपवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. बसमध्ये तिला जे सोसावं लागतं ते कोण लपवतंय?

म्हणून आधी दोघींचं दिलं, तिनं मागितलंच होतं तसं. चार दिवसांत संपवलं. 'चौघीजणी' मे महिनाभर पुरली. वही जळाली त्या रात्री पुन्हा फोन आला. "मावशी, मी असतो तर एमीला बर्फातनं काढलोच नसतो."

मागून तिच्या थोरल्या बहिणीचा आवाज: "फोन दे इकडं."