अर्धा वॅट, सहा संच, आठ महिने: परवानामुक्त वॉकीटॉकीचा वापरानंतरचा अनुभव

खोक्यावर ‘रेंज १० किमीपर्यंत’ असं छापलेलं आहे. राजगडावर सुवेळा माचीवरून संजीवनी माचीवरच्या माणसाशी बोलायला जा, मधे बालेकिल्ला आडवा येतो आणि नुसती खरखर ऐकू येते. तोच संच संजीवनीच्या टोकाला तोरण्याकडे तोंड करून वापरला, तर सहा-सात किमीवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलतो. छापलेला आकडा खोटा नाही, पण त्यावरून खरेदी करण्यात काही अर्थही नाही.

हे संच ४४६ मेगाहर्ट्झचे, अर्ध्या वॅटचे, १६ चॅनेलचे. पावसाळ्याच्या तोंडावर घेतले. पूर्ण पावसाळा आणि हिवाळाभर ट्रेकला, गाड्यांच्या ताफ्यात आणि सोसायटीच्या गणपतीत वापरले.

आधी कायद्याचं, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. दुकानात किंवा ऑनलाइन मिळते म्हणजे चालते, असं वॉकीटॉकीच्या बाबतीत नाही. भारतात सर्वसामान्य माणसाला परवान्याशिवाय हातात धरून बोलता येईल असा कामाचा फ्रिक्वेन्सी-पट्टा एकच: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. कमी क्षमतेच्या, कमी पल्ल्याच्या उपकरणांना सूट देणाऱ्या २०१८ च्या नियमांत तो आहे. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही २००५ पासून ५ वॅटपर्यंत मोकळा आहे, पण तिथे तरंगलांबी ११ मीटर. पाव तरंगाचा अँटेना पावणेतीन मीटर होतो. तो सॅकला बांधून करवंदीच्या जाळीतून जायची हौस असेल त्याने जरूर जावं.

पट्टा मोकळा असला तरी त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, लागते. ती बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने काढायची असते. आपलं काम तपासण्याचं. विक्रेत्याकडून ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा आणि बॅटरी काढून संचाच्या पाठीवरचं स्टिकर वाचा. मॉडेलचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. शेवटी एखादं जास्तीचं अक्षर असेल तर ते वेगळं मॉडेल समजा. मग प्रमाणपत्रावरचा पट्टा बघा. संचात ब्लूटूथ असेल तर २.४ गिगाहर्ट्झची मान्यता पुढे करून ‘हे घ्या ईटीए’ म्हणणारे भेटतात, ती बोलण्याच्या रेडिओची मान्यता नव्हे. प्रत देतो-देतो म्हणून टाळणाऱ्याकडून घेऊच नका. आम्ही प्रतीची छपाई लॅमिनेट करून प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवली आहे. वनखात्याच्या चौकीवर किंवा नाकाबंदीत कोणी विचारलं, तर तोंडी समजावण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वॉकीटॉकीच्या जाहिरातीत ती कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालते, परवाना लागतो की नाही आणि ईटीए आहे का, हे लिहिणं आता अपेक्षित आहे. यातलं काहीच नसेल आणि ‘लाँग रेंज, ५ वॅट, ४००–४७० मेगाहर्ट्झ, लायसन्स फ्री’ एवढंच असेल, तर त्या एका ओळीतच विसंगती आहे. ४०० ते ४७० पर्यंत फिरणारा पाच वॅटचा संच लायसन्स फ्री असूच शकत नाही.

आता बाऊफेंग यूव्ही-५आर, हा चिनी वॉकीटॉकी. हा प्रश्न येतोच, कारण तो स्वस्त आहे आणि ट्रेकिंगच्या निम्म्या ग्रुपांत एखादा तरी असतोच. ‘४४६ वर प्रोग्राम केला की झालं ना?’ नाही झालं. त्याची ‘लो’ पॉवरसुद्धा साधारण एक वॅट, म्हणजे अर्ध्या वॅटच्या मर्यादेच्या दुप्पट. अँटेना फिरवून निघतो, आणि संच पोलीस, रेल्वे, विमानतळ असल्यांच्या पट्ट्यांच्या आसपासही बोलू शकतो. हॅमच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याच्या, हातात तो उत्तम खेळणं आहे, इतरांच्या हातात विनापरवाना उपकरण. वापरलंच पाहिजे असंही नाही, नुसतं जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा बाजूला सारून २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, त्यातही या बाबतीत ढिलाई नाही.

हॅम परवाना काढून सगळ्या ग्रुपला वापरू द्यायचा, हीसुद्धा पळवाट नाही. परवाना माणसाचा असतो. समोर बोलणाराही परवानाधारकच हवा. परीक्षा मात्र वाटते तितकी अवघड नाही. वय १२ पूर्ण लागतं, परवान्याच्या खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. आवड असेल तर वेगळा छंद म्हणून जरूर करा.

आणि अमेरिकेतल्या मामाने आणलेली ती सुंदर पिवळी जोडी? ती ४६२–४६७ मेगाहर्ट्झवर बोलते. तिकडे एफआरएस म्हणून मोकळी आहे, इकडे तो पट्टा दुसऱ्यांचा आहे. युरोपातून आलेले पीएमआर ४४६ संच पट्ट्याच्या दृष्टीने जुळतात (जुने असतील तर पहिली आठच चॅनेल असतात), पण ईटीएचा प्रश्न उरतोच.

पाच वॅट नाही म्हणून फार हळहळायचं कारण नाही. अर्धा ते पाच वॅट म्हणजे दहापट ताकद, म्हणजे १० डेसिबल. डोंगर-झाडीत अंतर वाढलं की सिग्नल साधारण चौथ्या घाताने पडतो, त्या हिशोबाने दहापट ताकदीला अंतर पावणेदोन पटच वाढतं. २० मीटर वर चढून गेलात तर याहून जास्त फरक पडतो. कारण नुसतं समोरचं दिसणं पुरत नाही. दोन किमी अंतरावर बोलताना मधोमध दृष्टिरेषेच्या भोवती सुमारे १८ मीटर त्रिज्येची जागा मोकळी असावी लागते. माळावर छातीच्या उंचीला धरलेल्या दोन संचांमधे ती जागा अर्धी जमिनीतच गेलेली असते. कड्याच्या काठावर उभं राहिलं की ती आपोआप मोकळी होते.

आमच्या संचांचा हिशोब असा. पावसाळ्यातल्या भिजलेल्या दाट जंगलात ३०० ते ५०० मीटर. ओली पानं हा पट्टा फार पितात, त्याच वाटेवर फेब्रुवारीत दीडपट मिळतं. सोसायटीत काँक्रीटचे चार मजले सरळ वर-खाली चालतात. बेसमेंटच्या पार्किंगमधून मात्र रॅम्पच्या तोंडाशी आल्याशिवाय काही नाही. ताफ्यात, काचा बंद आणि संच डॅशबोर्डवर, तर हायवेवर एक-दीड किमी, घाटात पुढच्या वळणापर्यंत. कड्यावरून कड्यावर, मधे दरी असेल तर, पाच-सात किमी सहज.

सिग्नल तुटक येत असेल तर ओरडू नका, एक पाऊल बाजूला सरका. तरंगलांबी ६७ सेंटिमीटर आहे. कड्यावरून परतून आलेला तरंग आणि सरळ आलेला तरंग एकमेकांना मारतात तो खड्डा वीतभर-हातभर रुंदीचाच असतो, फूटभर सरकलं की आवाज उघडतो. संच कमरेच्या बेल्टला अडकवून खांद्यावरच्या माइकवर बोलायचं दिसतं झकास, पण कमरेला अंग सगळं शोषून घेतं. डोक्याच्या उंचीला, अँटेना उभा, तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा, म्हणजे फुंकर माइकवर जात नाही.

‘प्रायव्हसी कोड’ या शब्दाने लोकांची फार फसगत होते. तो खासगी वगैरे काही करत नाही. बोलण्याखाली एक बारीक सूर जातो आणि आपला संच तो सूर असलेलाच आवाज स्पीकरला सोडतो. आपलं बोलणं त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना ऐकू जातं. त्यातला तोटा लक्षात यायला वेळ लागतो: दुसरं कोणी बोलत असेल तर तुम्हाला कळत नाही, तुम्ही वरून बटण दाबता आणि दोघांचंही वाया जातं. बोलण्याआधी दिवा बघायची सवय लावा. दिवा लागलाय आणि आवाज नाही, म्हणजे चॅनेल कोणीतरी वापरतंय. शनिवार-रविवारी पहिलं चॅनेल भरलेलं असतं, कारण बहुतेक जण खोक्यातून काढल्यावर ते बदलतच नाहीत. आम्ही ९ च्या पुढे राहतो.

दोन वेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र आणले की हमखास अडतं ते इथे. दोघांवर चॅनेल ११, कोड ८, तरी एकमेकांना ऐकू येत नाही. एका संचाच्या यादीत ३८ सूर, तिथे आठवा ८८.५ हर्ट्झ. दुसऱ्याच्या यादीत ६९.३ हर्ट्झचा जास्तीचा सूर दुसऱ्या क्रमांकावर घुसलेला, त्यामुळे तिथे आठवा ८५.४. क्रमांक सांगू नका, पुस्तिकेतला तक्ता काढून हर्ट्झ जुळवा. निघायच्या घाईत ते जमत नसेल तर दोन्हीकडे कोड शून्य करा, चालू होतं.

बटण दाबल्या दाबल्या बोलू नका. संच बॅटरी वाचवायला डुलकी काढत असतो, जागा होऊन सूर ओळखेपर्यंत तुमचा पहिला शब्द गेलेला असतो. दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. हे न पाळल्यामुळे ‘नको उतरू’ मधला ‘नको’ गेला तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे आमच्यात नकार शेवटी परत उच्चारायचा नियम आहे: ‘नको उतरू, नको.’ ‘हो’ हा शब्दही बाद, तो श्वासासारखा ऐकू येतो. त्याऐवजी ‘बरोबर’. मराठी आकडे रेडिओवर दगा देतात. सात आणि साठ, पंचवीस आणि पंचावन्न, सव्वातीन आणि साडेतीन यांत वाऱ्यात काही फरक उरत नाही. एकेक अंक सांगायचा: दोन-पाच, वेळ असेल तर दोन-तीन-शून्य. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा.

एकाच्या सॅकच्या कप्प्यात बटण दाबलं गेलं तर अख्ख्या ग्रुपचं चॅनेल बंद पडतं, आणि सगळ्यांना त्याचं धापा टाकणं ऐकावं लागतं. टाइम-आउट, म्हणजे बटण दाबलेलंच राहिलं तर ठरावीक वेळाने बोलणं आपोआप तोडणारी सोय, ६० सेकंदांवर लावून ठेवा. की-लॉकच्या भरवशावर राहू नका, आमच्या संचांत तो बाकीची बटणं बंद करतो, बोलायचं नाही. व्हॉक्स, म्हणजे आवाजाने आपोआप चालू होणं, ट्रेकला बंदच ठेवा. वारा त्याला माणसाचा आवाज वाटतो.

बॅटरी १५०० एमएएचची लिथियम-आयन. बेताने बोललं तर सकाळी पाच ते संध्याकाळी सात निघतात. आठ महिन्यांनी सहापैकी दोन संच दुपारी चारलाच मान टाकतात, आणि ते तेच दोन जे कायम चार्जिंगच्या डॉकवर बसलेले असायचे. महिनाभर वापर नसेल तर अर्ध्या चार्जवर, बॅटरी काढून ठेवा. पुढच्या वेळी निवडायची झाली तर आधी हे बघेन की सुटी बॅटरी वेगळी मिळते का. संच चांगला, बॅटरी कुठेच नाही, असं झालं की सगळा खर्च पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. आमचे संच आयपी५४, म्हणजे उडालेलं पाणी चालतं, सह्याद्रीतला जुलै नाही. तीन तास सलग पावसात स्पीकरच्या जाळीत पाणी बसतं आणि सगळेच घशाला कापूस लावल्यासारखे बोलतात. जाळी खाली करून दोन झटके दिले की सुटतं. खरं नुकसान तिथे होत नाही, ते चार्जिंगच्या पितळी टिकल्यांवर होतं. कोकणातून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवट थर धरतो, डॉकचा दिवा लागतो पण चार्ज चढत नाही. खोडरबराने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या. सँडपेपर नको, मुलामा निघतो. झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून वापरलं तर बोलता येतं, ऐकूही येतं, फक्त पिशवीच्या आत घाम धरतो म्हणून दर मुक्कामाला उघडून सुकवावं लागतं. पावसाळी ट्रेक हाच मुख्य वापर असेल तर आयपी६७ वाला घ्या.

सगळ्यात आधी तुटलं ते बेल्ट क्लिप. सहापैकी चार गेले, सगळे स्प्रिंगच्या खिळीपाशी. आता प्रत्येक संचाच्या वरच्या भोकातून तीन मिलिमीटरची नायलॉनची दोरी ओवून सॅकच्या खांदपट्ट्याला गाठ मारतो. दोरी हातभरापेक्षा लांब ठेवू नका, झाडीत अडकते.