थंडीतल्या रानवाटेसाठी मध्यम रिव्हॉल्व्हर: जीपी१००, ६८६, मॉडेल ६६ की किंग कोब्रा?

आधी कायदा बघू, कारण बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच संपतो. अमेरिकेत एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्यावेत. रेंजवर भाड्याने घेऊन "फक्त बघतो" म्हणणंही या मनाईत येऊ शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. कॅनडात २१ ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री गोठवलेली आहे, त्यामुळे टोरोंटो-कॅलगरीकरांनी पुढचं वाचलं तर निव्वळ कुतूहलापोटी. अमेरिकेतही राज्याराज्यांत फरक आहे. अलास्का आणि मोंटानात परवान्याशिवाय बाळगता येतं, मिनेसोटात परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा कायदा लागू आहे, पण तो बाळगण्यापुरता. गोळी झाडण्याचे उद्यानाचे नियम वेगळे असतात.

दुसरा प्रश्न: नक्की कशासाठी? भर हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात. अलास्कात त्या काळात खरी धास्ती मूसची, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाची. तिथे वर्षभरात अस्वलांपेक्षा मूसमुळे जास्त माणसं जखमी होतात. खोल बर्फाला कंटाळून तो प्राणी माणसांनी तुडवलेल्या वाटेवर येतो आणि मग बाजूला होत नाही. पाच-सहाशे किलोच्या जनावरापुढे .३५७ची गोळी हा अगदी शेवटचा उपाय. त्याआधी पळून झाडामागे जाणं जास्त कामाचं (अस्वलापुढे पळायचं नसतं, मूसपुढे खुशाल पळावं). बेअर स्प्रे (तिखटाचा झोंबणारा फवारा) अस्वलांसाठी पहिली निवड आहे आणि राहावा, पण कडाक्याच्या थंडीत डब्यातला दाब उतरतो आणि फवारा जवळच पडतो. म्हणून तो जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायचा. हे सगळं मान्य करूनही ज्यांना कमरेला किंवा छातीवर काहीतरी हवं आहे, त्यांच्यासाठी पुढची तुलना.

चारही पर्याय .३५७ मॅग्नमचे आणि स्टेनलेस स्टीलचे धरले आहेत. हे काडतूस १९३५ सालचं. त्याच सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल चालतं, म्हणजे सरावाचा धक्काही कमी आणि खर्चही कमी. काळ्या ब्ल्यूइंगची (साध्या पोलादावर चढवलेल्या काळसर थराची) बंदूक दिसायला देखणी, पण ओल्या बर्फात तिची निगा राखणं जिवावर येतं.

रुगर जीपी१०० १९८५ मध्ये बाजारात आलं. ४.२ इंची नळीचं वजन साधारण १.१३ किलो. स्मिथ अँड वेसन ६८६ त्याच्या काही वर्षं आधीचं. चार इंची नळीत तेही जवळपास तेवढंच भरतं. त्याच्या 'प्लस' आवृत्तीत सहाऐवजी सात काडतुसं बसतात आणि तीन इंची नळी घेतली तर वजन किलोच्या थोडं वर राहतं. मॉडेल ६६ हा मॉडेल १९चा स्टेनलेस भाऊ. मॉडेल १९ सीमा गस्ती दलाच्या बिल जॉर्डन यांच्या आग्रहावरून १९५५ च्या सुमारास घडलं, ६६ १९७० मध्ये आलं, २००५ मध्ये बंद झालं आणि २०१४ मध्ये ४.२५ इंची नळी घेऊन परतलं. कोल्टचं आताचं किंग कोब्रा २०१९चं. सहा काडतुसं, तीन इंची नळी आणि वजन फक्त पाऊण किलोच्या आसपास.

कागदावर कोल्ट जिंकतं. सडपातळ आहे, जाड जॅकेटखाली लपतं, दिवसभर टोचत नाही. पण हलक्या बंदुकीतून मॅग्नम झाडलं की धक्का जोराचा बसतो, आणि गारठलेल्या बोटांना तो दुप्पट जाणवतो. ज्या बंदुकीने सराव करावासा वाटत नाही, ती ऐनवेळी हातात परकीच ठरते. कोल्ट घ्यायचंच असेल तर त्यात .३८ +पी (नेहमीच्या .३८ स्पेशलपेक्षा जरा जास्त दाबाचं काडतूस) भरून समाधानी राहायची तयारी ठेवा.

थंडीत खरा निकाल हातमोजा लावतो. ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कडीत) जाड बोट शिरतं की नाही, एवढंच सगळे बघतात. पण बोट बाहेर येताना काय होतं ते जास्त महत्त्वाचं. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे एकाच दाबात ट्रिगर हॅमर (घोडा) मागे नेऊन सोडतो तेव्हा, गोळी झाडल्यावर ट्रिगर पूर्ण पुढे परतला तरच सिलिंडर पुढच्या काडतुसावर फिरतं. हातमोज्याचं जाड टोक ट्रिगर आणि गार्ड यांच्या मध्ये अडकलं, की ट्रिगर अर्ध्यावर थांबतो आणि दुसरी गोळी सुटत नाही. त्यामुळे दुकानात जाताना आपला हिवाळी हातमोजा सोबत न्या. दुकानदाराला विचारून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून ट्रिगर सावकाश दाबून सोडा. चार-पाच वेळा अडखळला तर ते मॉडेल बाद, किंवा हातमोजा बाद.

मुठीचा मुद्दाही हातमोज्याशी जोडलेला आहे. जीपी१००ची मूठ एका छोट्या खुंटावर बसते, त्यामुळे बारीक किंवा जाड, हवी तशी मूठ बदलून घेता येते. स्मिथच्या मुठीची पाठ चौकटीच्या आकाराने ठरलेली. रबरी मूठ धक्का शोषते आणि उघड्या स्टीलसारखी हाताला चावत नाही, पण फ्लीसच्या कपड्याला चिकटते आणि जॅकेट वर ओढते. छातीवरच्या होल्स्टरमध्ये, सगळ्या कपड्यांच्या वरून, हा त्रास बराच कमी होतो. कमरेचं होल्स्टर हिवाळ्यात मला तरी पटत नाही. पाठीवरच्या सॅकचा पट्टा, जॅकेटची किनार आणि बंदूक अशी तिघांची तिथे मारामारी होते.

सिलिंडर उघडायचा खटका तिघांचा तीन तऱ्हेचा. रुगरचा आत दाबायचा, स्मिथचा पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा. जाड हातमोज्यात दाबणं सगळ्यात सोपं, ओढणं सगळ्यात अवघड. एवढ्याशा गोष्टीवरून बंदूक निवडू नये, पण घरात आधीच एखादं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच पद्धतीचं दुसरं घ्या.

ट्रिगरच्या गुळगुळीतपणात ६८६ सरस आहे, यावर फारसा वाद होत नाही. रुगरचा ट्रिगर नवा असताना जरा रेंगाळतो आणि वापराने मऊ होतो. बेंचवर बसून नेमबाजी करायची असती, तर मी डोळे झाकून ६८६ सांगितलं असतं. पण उणे वीसमध्ये मूठभर बर्फ आत शिरल्यावर वेगळा हिशेब लागतो. जीपी१००ला बाजूची प्लेटच नाही. मूठ काढून मुख्य स्प्रिंग एका पिनेने अडवली, हॅमर काढला, की ट्रिगरचा पूर्ण संच खालून बाहेर येतो. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुसून, वाळवून परत बसवता येतो. स्मिथची बाजूची प्लेट तीन स्क्रू काढून, मुठीवर हलके ठोके देत सोडवावी लागते, आणि ज्याने पहिल्यांदा ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली त्याच्या बंदुकीवर आयुष्यभराची खूण राहते.

वंगणाचं मात्र चौघांचं एकच दुखणं. पुण्यातल्या जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसंच बंदुकीचं जाड तेल खोल थंडीत गोठल्यासारखं होतं. हॅमर मग मंद पडतो आणि प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टिकलीवरचा) घाव हलका बसतो. हिवाळ्याआधी जुनं तेल-ग्रीस पूर्ण धुऊन काढा आणि पातळ सिंथेटिक तेलाचा थेंबभर हात फिरवा, किंवा कोरडं ग्रॅफाइट वापरा. बाहेरून उबदार घरात आणलं की सगळ्या धातूवर दव धरतं. बंदूक रिकामी करून, बंद पिशवीत हळूहळू उबू द्या, नंतर पुसा आणि कुलपात ठेवा. बर्फात पडल्यावर नळी तपासल्याशिवाय गोळी झाडू नका. नळीत दबलेला बर्फ बंदूक फोडू शकतो.

राहिलं मॉडेल ६६. वजन आणि आकार यांचा मेळ मला यातच सर्वांत चांगला वाटतो. ते जीपी१००हून किंचित हलकं आणि हाताला अंमळ बारीक. जुन्या के-फ्रेमच्या (मॉडेल १९ आणि ६६ ज्या सांगाड्यावर बनतात त्याच्या) नळीचा मागचा तोंडाचा भाग खालून सपाट केलेला असे आणि हलक्या, जलद १२५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) मॅग्नम काडतुसांच्या माऱ्याने तिथे तडा जाई. म्हणून जुन्या बाजारात स्वस्त मॉडेल १९ किंवा ६६ दिसलं तर तो भाग टॉर्च मारून बघा. २०१४ नंतरच्या ६६ मध्ये नळी दोन भागांची आहे आणि रचना बदललेली आहे.

मी स्वतः जीपी१०० घेईन, ४.२ इंचीच. तीन इंची हलकं आहे, पण छातीवरच्या होल्स्टरमध्ये त्या वाचलेल्या इंचाला किंमत नाही, आणि लांब नळीवर मागची साइट आणि पुढची माशी यांच्यात अंतर जास्त मिळतं. ज्यांचा हात लहान आहे, वाट चढाची आहे आणि वजन खरंच जाणवतं, त्यांनी ६६. रेंजवर वर्षभर जाणारे आणि हिवाळी भटकंती क्वचित करणारे ६८६ प्लसवर खूश राहतील. कोल्ट शहराजवळच्या छोट्या फेरीसाठी ठीक.

काडतुसांत जड आणि कडक शिशाची १५८ ते १८० ग्रेनची गोळी ठेवा. पसरणारी हलकी गोळी जाड कातडीत खोल जात नाही. थंडीत काडतुसातली दारू मंद जळते आणि वेग घटतो, म्हणून निवडलेल्या काडतुसांचा एक डबा हिवाळ्यातच, बाहेर तासभर गारठवून, मग रेंजवर झाडून बघा. न जळलेल्या दारूचे कण रिकामी काडतुसं काढताना एक्सट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अडकले, तर सिलिंडर बंद होत नाही. त्यासाठी खिशात एक जुना टूथब्रश असू द्या, आणि काडतुसं काढताना नळीचं तोंड आभाळाकडे ठेवा.